मदत हवी आहे : शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीला पुण्यात बाहेर नाश्त्याला कसं न्यावं?

मुलगी ६ वर्षांची, वजन २० किलो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तपासण्या करून पक्की झाली आहे. काजू, बदाम, तीळ, नारळ, दूध, गहू हे सगळं चालतं. डॉक्टरांनी लेखी सूचना दिल्या आहेत आणि अ‍ॅड्रिनॅलिन (गंभीर त्रासात द्यायचं इंजेक्शन) कायम सोबत असतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघंच, ती आणि मी (बाबा), स्कूटरवरून नाश्त्याला जायचं ठरवतो आहोत. भाग कोथरूड, डेक्कन, सदाशिव पेठ. माझ्या अडचणी अशा :

वेटरला "यात दाणे आहेत का?" विचारलं की "नाही साहेब" असं उत्तर येतं. त्यावर किती विसंबायचं? तळणीच्या तेलाचं काय? कोणत्या प्रकारची हॉटेलं त्यातल्या त्यात बरी? आणि त्रास सुरू झालाच, तर मोठं माणूस एकटंच असताना काय क्रमाने करायचं?

"घरीच खाऊ घाला" हा सल्ला कृपया नको. तिला हॉटेलात बसून डोसा खायचा आहे आणि तो तिला मिळावा असं मला मनापासून वाटतं.

भटारखाना

हॉटेलच्या किचनच्या बाजूने लिहितो. "यात दाणे आहेत का?" हा प्रश्नच बदला. वेटर प्लेटमध्ये दिसणाऱ्या दाण्यांचा विचार करून उत्तर देतो. कूट त्याच्या डोळ्यासमोर येत नाही, आणि झारा कुठून कुठे फिरला हे तर त्याला माहीतच नसतं. त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारा :

१. आज साबुदाणा वडा आहे का, आणि तो कोणत्या कढईत तळता?
२. या तव्यावर थालीपीठ लावता का?
३. दाण्याचं कूट कशाकशात पडतं?

तिसऱ्या प्रश्नाला "कशातच नाही" असं उत्तर मिळालं आणि मेन्यूत साबुदाणा खिचडी दिसली, तर समजा की सांगणाऱ्याला किचन माहीत नाही. मग काउंटरवर जाऊन आचाऱ्याला बाहेर बोलवायला सांगा. गर्दी नसेल तर मालक नक्की बोलवतात.

म्हणून वेळ महत्त्वाची. रविवारी ९ ते ११ मध्ये जाऊच नका. हॉटेल उघडल्या उघडल्या गेलात तर तवा स्वच्छ असतो, कढईतलं तेल त्या दिवशी तरी दुसऱ्या पदार्थाला वापरलेलं नसतं (कालचंच तेल आहे का, ते मात्र विचारा) आणि आचाऱ्याला बोलायला सवड असते. एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस हे टाळा. एरवी ज्या कढईत फक्त बटाटेवडे निघतात तिच्यात त्या दिवशी साबुदाणा वडे पडतात. ओटा, झारे, डिश पुसायचं फडकं, सगळीकडे कूट असतं.

आता पदार्थ. खिचडी, साबुदाणा वडा, उपासाची मिसळ, दाण्याची आमटी तुम्हाला माहीतच असेल. फसवणारे वेगळे आहेत :

पोहे. दाणे वेचून काढून देणं अजिबात चालत नाही, ते तेलात परतलेले असतात.
मिसळ. फरसाणात दाणे असतातच, आणि काही ठिकाणी कट दाट करायला कूट घालतात.
वडापावची कोरडी लसूण चटणी. खोबऱ्याबरोबर दाणे वाटायची पद्धत सर्रास आहे.
थाळीतली काकडीची कोशिंबीर, ठेचा, अळूचं फदफदं, ताकातला पालक, भरली वांगी. खानदेशी भरीतही.
भेळ, एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी), दाबेली. गाडीवर एकाच हाताने सगळं मिसळलं जातं, त्यामुळे "दाणे न घालता द्या" याला अर्थ उरत नाही.
स्वस्त ठिकाणची पंजाबी ग्रेव्ही. काजू परवडत नाहीत म्हणून तिथे दाणे वाटून घालतात. काजूच्या मिठाईतही हे होतं. तुमच्या मुलीला काजू चालतात, म्हणूनच तुम्ही इथे बेसावध राहण्याची शक्यता जास्त.

मी माझ्या घरातल्या लहान मुलासाठी निवडलं असतं ते पावभाजीचं दुकान. भाजीचा तवा दिवसभर भाजीलाच असतो, त्यावर दुसरं काही सहसा येत नाही. मसाला आणि लोणी कुठलं ते एकदा विचारून घ्या. दुसरी जागा इराणी : बन-मस्का किंवा आम्लेट-पाव. तिथली बिस्किटं, नानकटाई मात्र नको.

तुळशीवृंदावन

डोशाबद्दल लिहिते. उडपी हॉटेलात डोशाचा तवा सहसा वेगळा असतो, हे मोठं सुख. पण तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

चटणी : नारळ आणि डाळं असं गृहीत धरू नका. नारळ महागला की दाणे वाढतात, आणि आंध्र पद्धतीच्या ठिकाणी चटणी मुळातच दाण्याची असते. चटणीची वाटी टेबलावर येऊच देऊ नका. प्लेटमध्ये आली तर डोसा बदलून मागा, नुसती वाटी उचलून ठेवू नका. घरून डबीत चटणी न्या.

मेदूवडा : पिठात दाणे नसतात, पण पुण्यातल्या बऱ्याच उडप्यांकडे साबुदाणा वडाही मिळतो. कढई एकच असते. मेदूवडा बंद.

डोशावरची पोडी (कोरडी चटणीपूड) : काही पोड्यांमध्ये दाणे असतात. साधा डोसाच घ्या, म्हैसूर किंवा पोडी डोसा नको. उपमा, लेमन राइस, बिसीबेळे भात यांतही दाणे निघतात.

सुरुवात इडली-सांबाराने करा. इडली वाफेवर होते, तळणीचं तेल नाही, तवा नाही. एका हॉटेलात दोन-तीनदा इडली नीट पचली, लोक ओळखीचे झाले, की तिथेच साध्या डोशावर जा. दर रविवारी नवं हॉटेल नको. एकच धरा.

घाणेवाला

तेलाबद्दल बरेच गैरसमज आहेत. रिफाइन्ड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे ते बहुतेकांना बाधत नाही (तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवा). लाकडी घाण्याच्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलात मात्र ते राहतं. हल्ली "आम्ही लाकडी घाण्याचं तेल वापरतो" अशी पाटी अभिमानाने लावतात. इतरांसाठी ती चांगली गोष्ट असेल, तुमच्यासाठी ती पाटी म्हणजे तिथूनच मागे फिरा.

"तळल्यावर सगळं जळून जातं" हेही चूक आहे. उष्णतेने शेंगदाण्याचं प्रथिन निकामी होत नाही, उलट भाजल्यावर ते जास्त बाधू शकतं. साबुदाणा वड्यातून सुटलेले कण कढईच्या तळाशी बसतात आणि पुढच्या खेपेच्या पदार्थांना चिकटतात. तेल गाळूनही बारीक कण जात नाहीत.

धागाकर्ता

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांत अ‍ॅलर्जीची माहिती लिहिलेली असते म्हणतात. ती मागता येते का? आणि आइस्क्रीम?

भटारखाना

येते. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२०च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेन्यूत कॅलरी आणि अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची असते. शेंगदाणा त्या यादीत आहे. काउंटरवर थेट "अ‍ॅलर्जनची यादी दाखवा" म्हणा. गल्लीतल्या हॉटेलाला हा नियम लागू नाही, तिथे वरचे तीन प्रश्नच कामाचे.

आइस्क्रीम पार्लरमध्ये स्कूप नको. एकच चमचा पाण्याच्या भांड्यात बुडवून सगळ्या डब्यांत फिरतो. बंद कप किंवा कांडी घ्या आणि त्यावरची घटकांची यादी दर वेळी वाचा, कारण कंपन्या घटक बदलतात. "यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो" अशी ओळ नसली, म्हणजे धोका नाही असं समजू नका.

ओवा

अ‍ॅलर्जीच्या मुलांवरच उपचार करते, म्हणून तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या प्रश्नाला (त्रास सुरू झाला तर काय) उत्तर देते. तुमच्या डॉक्टरांच्या लेखी सूचना पहिल्या, हे त्याला पूरक.

एका दाण्यात साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिन असतं आणि काही मुलांना त्यातल्या मोजक्या मिलिग्रॅमनेही त्रास होतो. म्हणून वरच्या लोकांनी झारा आणि फडक्यापर्यंत जाऊन लिहिलं ते अगदी योग्य आहे. नुसत्या वासाने सहसा गंभीर त्रास होत नाही. शेजारच्या टेबलावर पोहे असले म्हणून उठून जायची गरज नाही.

त्रास बहुधा काही मिनिटांत सुरू होतो, क्वचित दोन तासांपर्यंत. फक्त ओठांभोवती चार गांध्या उठल्या तर सूचनेप्रमाणे गोळी किंवा सिरप द्या आणि लक्ष ठेवा. पण खोकला, घोगरा आवाज, श्वासाची शिट्टी, जीभ सुजणं, गळून जाणं यांतलं काहीही, किंवा गांध्यांबरोबर उलटी, असं दिसलं की अ‍ॅड्रिनॅलिन लगेच. सेटिरिझिन (खाजेवरची नेहमीची गोळी) खाज थांबवतं, श्वास वाचवत नाही. त्याचा परिणाम होतो का हे बघत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

मोठं माणूस एकटं असताना क्रम असा. तिला बाकावर किंवा जमिनीवर आडवं करा, पाय उंच. श्वासाचा त्रास असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत इंजेक्शन द्या. ते देता देताच मोठ्याने एका माणसाकडे बोट दाखवून सांगा, "तुम्ही १०८ला फोन लावा." सगळ्यांना उद्देशून सांगितलं तर कुणीच लावत नाही. वेळ लिहून ठेवा. ५ मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस, म्हणून सोबत कायम दोन हवेत. स्कूटरवर पुढे उभं करून किंवा मागे बसवून दवाखान्यात नेऊ नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास राहावं लागतं, कारण त्रास उलटून येऊ शकतो.

तुमच्याकडे तयार पेन नसून अँप्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) असेल तर : १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असं औषध, डोस किलोला ०.०१ मिलिग्रॅम. २० किलोला ०.२ मिलिलिटर. वजन वाढलं की आकडा डॉक्टरांकडून बदलून घ्या. १ मिलिलिटरची सिरिंज वापरा. इन्सुलिनची सिरिंज नको : तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, त्यामुळे डोस चुकतो, आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. स्कूटरच्या डिकीत औषध ठेवू नका, उन्हात ते खराब होतं. गुलाबी किंवा तपकिरी झालेलं फेकून द्या. अँप्यूल फोडून औषध भरायचा सराव मुदत संपलेल्या अँप्यूलवर आधी करा. हात थरथरत असताना पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

तुळशीवृंदावन

एक राहिलं : सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन जात नाही. खाण्याआधी तिचे हात साबणाने धुवा, टेबल आणि खुर्चीची कड ओल्या वाइपने पुसा. चमचा-पेला घरचा.

तिला एक वाक्य पाठ करून द्या : "बाबांनी बघितल्याशिवाय मी खात नाही." आणि तोंडात काही टोचल्यासारखं वाटलं तर थुंकून लगेच सांगायचं, त्यासाठी कुणी रागावणार नाही हेही सांगा. मुलं रंगाचा बेरंग होईल म्हणून गप्प बसतात.

आंबोळी

सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात जाणार असाल तर तिथे बरंच सोपं आहे. घाट उतरलं की वाटणात दाण्याची जागा नारळ घेतो. घावन, आंबोळी, भात, सोलकढी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, माशाचं कालवण यांत सहसा दाणे नसतात. पर्यटकांसाठी मिसळ-पोहे ठेवणाऱ्या ठिकाणी मात्र घाटावरचेच नियम पाळा.

धागाकर्ता

आचाऱ्याला दाखवायला एक कार्ड करावं म्हणतो, त्याचा मजकूर कुणी सुचवेल का? बरेच आचारी हिंदी बोलणारे असतात.

भटारखाना

मराठी बाजू : "माझ्या मुलीला शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी आहे. दाणे, कूट, दाण्याची चटणी किंवा घाण्याचं शेंगदाणा तेल थोडंही पोटात गेलं तर तिचा श्वास बंद पडू शकतो. कृपया स्वच्छ तवा, धुतलेला झारा आणि धुतलेले हात वापरा. खात्री नसेल तर स्पष्ट 'नाही' सांगा, आम्ही रागावणार नाही."

हिंदी बाजू : "मेरी बेटी को मूँगफली से गंभीर एलर्जी है। मूँगफली का दाना, चूरा, चटनी या घानी का तेल थोड़ा भी पेट में गया तो उसकी साँस रुक सकती है। साफ़ तवा, धुला हुआ चम्मच और धुले हाथ इस्तेमाल करें। पक्का न हो तो मना कर दीजिए।"

मोठ्या अक्षरात छापा, लॅमिनेट करा, चार-पाच प्रती ठेवा. ज्या हॉटेलात नेहमी जायचं ठरेल तिथे एक प्रत आचाऱ्याकडेच राहू द्या. तो ती ओट्याच्या वर चिकटवतो, आणि पाळी बदलली तरी पुढच्याला दिसते.