मायक्रोमीटरचं ट्रेनिंग झालं, तरी रिजेक्शन तेवढंच का?

प्रश्न: टर्निंगचे (लेथवर काम करणारे) सगळे ऑपरेटर मायक्रोमीटरच्या (बारीक माप घेणाऱ्या उपकरणाच्या) ट्रेनिंगनंतरच्या परीक्षेत पास झाले. लाइनवर फरक शून्य. ट्रेनिंग वाया गेलं का?

उत्तर १: परीक्षा ही कर्कपॅट्रिकच्या मॉडेलची (ट्रेनिंगचा परिणाम पातळ्यांवर मोजायची पद्धत) दुसरी पातळी, म्हणजे किती शिकले. तुम्हाला हवी तिसरी, म्हणजे कामातली सवय. ती मशीनपाशी उभं राहूनच कळते: आधी झीरो बघतात का (बंद मायक्रोमीटर शून्य दाखवतो का)? रॅचेट (ठराविक दाबानंतर घसरणारी टोकाची कळ) वापरतात की थिंबलच (फिरवायची नळी) पिळतात? पिळलं की माप कमी येतं, आणि ओव्हरसाइज जॉब (मापापेक्षा मोठा नग) बिनबोभाट पुढे जातो.

उत्तर २: सुपरवायझर फक्त "नग किती झाले?" विचारत असतील, तर मोजायला थांबणार कोण? मोजणीचा वेळ आधी टार्गेटमध्ये धरा.

उत्तर ३: महिन्याभराने तेच १० जॉब ऑपरेटर आणि क्यूसीकडून (क्वालिटी कंट्रोल) वेगवेगळे मोजून घ्या. फरक ०.०१ मिमीच्या आत असेल, तर मोजणी ठीक आहे. मग इन्सर्टची (हत्याराच्या कापणाऱ्या तुकड्याची) झीज आणि ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) तपासा.