मुलांच्या वॉर्डात शिकलेलं घरी कामी आलं, ते इथे लिहा

हा धागा लेकरांना घेऊन दवाखान्यात राहून आलेल्या सगळ्यांसाठी आहे. आजाराचं नाव आणि औषधं डॉक्टर सांगतातच. मला हवंय ते त्यापुढचं. सिस्टरनी, शेजारच्या खाटेवरच्या आईनं किंवा राउंडच्या डॉक्टरांनी शिकवलेलं काय पुढे घरी उपयोगी पडलं? डोस आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचे, बाकी सगळं तपशिलात लिहा. सुरुवात मी करते.

माझ्या धाकट्याला चौथ्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम झाला. सकाळी डोळ्यांवर सूज, संध्याकाळी पाय सुजलेले, लघवी कमी. आधी आम्ही ॲलर्जी समजत होतो. मूत्रपिंडाच्या चाळणीतून रक्तातलं प्रथिन लघवीत जायला लागतं आणि अंगात पाणी साठतं, हे वॉर्डात कळलं. हा आजार जास्त करून २ ते ६ वर्षांच्या मुलांत दिसतो आणि बहुतेकांना स्टेरॉइडनं गुण येतो. सासूबाई स्टेरॉइडचं नाव ऐकूनच हादरल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची देऊन बसवलं आणि समजावलं: भूक वाढेल, गाल गोल होतील, चिडचिड होईल, गोळी कमी होत गेली की हे ओसरेल. मात्र गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही.

सिस्टरनी मला लघवी तपासायला शिकवलं. सकाळची पहिली लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायची, त्यात सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकायचे. नितळ राहिली तर ‘निल’, म्हणजे प्रथिन जात नाही. मागे छापील कागद धरायचा. गढूळ आहे पण अक्षरं वाचता येतात, तर १+. पांढऱ्या गुठळ्या धरल्या तर ३+ किंवा त्याहून जास्त. लागोपाठ तीन दिवस ३+ आलं की आजार उलटला समजायचं आणि फोन करायचा. या आजारात उलटणं नेहमीचं आहे, साध्या सर्दीनंतरही उलटतो. म्हणून वही ठेवली: तारीख, वजन, लघवी, गोळी, सर्दी-ताप. ओपीडीत डॉक्टर मुलाच्या आधी ती वही मागतात. सूज असताना पापड-लोणचं बंद, पण डाळ-अंडं बंद करायची गरज नसते. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवायला सांगितलंय, आणि कुठलीही लस विचारल्याशिवाय द्यायची नाही. हे सगळं बाईंनाही लिहून दिलंय.

आजोबा, नागपूर

नातवाला तापात आकडी आली. डोळे फिरले, हातपाय कडक झाले, तोंडाला फेस. शेजारून कुणी कांदा हुंगवायला आणला, कुणी दातात चमचा घालायला निघालं. सूनबाईंनी दोघांनाही थांबवलं. तिच्या भाच्याच्या वेळी ती दवाखान्यात राहिली होती. तिनं बाळाला कुशीवर वळवलं, गळ्याजवळचे कपडे सैल केले आणि मला म्हणाली, “बाबा, घड्याळ बघा.” तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर एक क्षण न दवडता दवाखाना. आमची आधीच थांबली, तरी दाखवून आलो, कारण पहिली आकडी होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही आकडी साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते आणि साध्या आकडीनं मेंदूला इजा होत नाही. ताप उतरवल्यानं बाळाला बरं वाटतं, पण पुढची आकडी टळेलच असं नाही. आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे त्यांनी लिहून दिला. आता तो कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बालरोग वॉर्डातली स्टाफ नर्स, कोल्हापूर

आजोबा, घड्याळ बघितलंत हे फार मोलाचं. आम्ही पहिलं तेच विचारतो.

मी जुलाबांवर लिहिते. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि घट्ट झालेलं द्रावण लहान बाळाला त्रासदायक ठरतं. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू. अंगावरचं दूध थांबवू नका. झिंकची गोळी १४ दिवसांची असते, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण करायची. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तास लंगोट कोरडा आहे, मूल सुस्त पडलंय, तर सकाळची वाट बघू नका.

आणि दुकानातल्या गोड पेयांवर विसंबू नका. खोक्यावर ठळक ‘ओआरएस’ आणि आत साखर, हे मी वर्षानुवर्षं उशाशी बघितलंय. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली, तेव्हा आमच्या वॉर्डात खरंच आनंद झाला.

बाबा, पिंपरी

मुलीचा बाळदमा. ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ हे ऐकून ऐकून वैतागलो होतो. औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, सवय लागत नाही. पंपाला स्पेसर (तोंडाशी धरायची पोकळ नळी) लावूनच द्या, रोजच्या प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरायला लावा.

आई, जव्हार

मुलगी जन्मली तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली होती. गावात लोक ग्रहणाचं बोलले. आशाताईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतल्या डॉक्टरांना दाखवलं. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आमच्या पालघरमधूनच सुरू झाला. दर आठवड्याला पाऊल थोडं सरळ करून नवं प्लास्टर, मग टाचेमागचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) छोट्या छेदानं सैल केला. याला पोन्सेटी पद्धत म्हणतात. प्लास्टर असताना बोटं निळी किंवा गार पडतात का ते बघत राहायचं, हे मला सिस्टरनी शिकवलं.

खरी परीक्षा बुटांची. पट्टीनं जोडलेले ते बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे साधारण चार वर्षांची होईपर्यंत झोपेत. पाय सरळ दिसायला लागले की घरचे म्हणतात, आता कशाला छळता लेकराला? काढू नका. बूट सोडले की पाऊल परत वळतं. आमच्या बरोबरच्या एका बाळाची प्लास्टरं पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. माझी मुलगी आता अंगणवाडीत पळते, रात्री स्वतःच बूट आणून देते.

स्टाफ नर्स, कोल्हापूर

एक राहिलंच. तापाच्या औषधाचे थेंब आणि सिरप एकच समजू नका. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर १२० च्या सिरपमध्ये पाच मिलीत १२०. म्हणजे थेंब चौपटीहून कडक. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. फोनवर विचारताना मुलाचं वजन आणि बाटलीवरचा आकडा, दोन्ही सांगा.