सामाईक सांडपाणी केंद्र + चाचणी प्रयोगशाळा: सरकारी-खासगी करारात मागणीची जोखीम कुणाच्या गळ्यात?

आराखडा_तपासनीस

एका औद्योगिक पट्ट्यासाठी करारनाम्याचा मसुदा तपासायचा आहे. रचना नेहमीचीच. प्रादेशिक विकास यंत्रणा जमीन आणि भांडवली खर्चाच्या ४० टक्के अनुदान देणार, उरलेले ६० टक्के खासगी चालकाने भागभांडवल आणि कर्ज मिळून उभे करायचे, २५ वर्षं चालवून मालमत्ता परत करायची. आत दोन सुविधा आहेत. एक, डाइंग आणि प्लेटिंगच्या लहान युनिटांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. दोन, साहित्य-चाचणी प्रयोगशाळा.

अडलेले मुद्दे:

१. चालकाला ९० टक्के वापराची सरकारी हमी हवी आहे. यंत्रणा म्हणते, मागणीचा धोका सर्वस्वी चालकाचा.
२. निविदा कशावर लावावी? कमीत कमी अनुदान, कमीत कमी दर, की कमीत कमी मुदत?
३. अनुदान कोणत्या टप्प्यांवर सोडावं?
४. याच पट्ट्यात एका मोठ्या कारखान्याला सवलती देऊन आणायचं चाललंय. रोजगाराची अट कशी लिहावी?

"दोघांनी समजुतीने वाटून घ्यावं" छापाची उत्तरं नकोत. कलमात काय लिहायचं ते सांगा.

---

खातेवही

पहिल्या मुद्द्यावर दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडतायत. सांडपाणी सोडणार कोण? युनिटवाले. आणि मसुद्यात तेच कुठे नाहीत. मागणी ज्यांच्या हातात आहे त्यांची सही आधी घ्या, मग हमीचं बोला.

त्यासाठी दराचे दोन भाग करा. प्रत्येक युनिटने आरक्षित केलेल्या क्षमतेवर दरमहा स्थिर आकार, पाणी सोडलं काय न सोडलं काय. त्यावर प्रत्यक्ष प्रमाणानुसार चल आकार. फरक किती पडतो ते बघा:

पूर्ण क्षमतेला वर्षाचं उत्पन्न १०० धरा. चालवण्याचा खर्च ४५, त्यातला ३० स्थिर आणि १५ पाण्याच्या प्रमाणात. कर्जाचा हप्ता ४०. खर्च जाऊन उरतात ५५, म्हणजे डीएससीआर (उरलेली शिल्लक भागिले कर्जाचा हप्ता) साधारण १.४. वापर ७० टक्क्यांवर आला आणि दर निव्वळ लिटरवर असेल, तर उत्पन्न ७०, खर्च ४०.५, शिल्लक २९.५. हप्ता मात्र ४०च. झालं, बँक दारात उभी. तेच १०० पैकी ६० स्थिर आकारातून येत असतील तर उत्पन्न ८८, शिल्लक ४७.५, डीएससीआर १.१९. ओढाताण होईल, पण प्रकल्प बुडणार नाही.

कलमात तीन गोष्टी हव्यात. सहा महिन्यांच्या स्थिर आकाराइतकी ठेव किंवा बँक हमी. आरक्षित क्षमता दुसऱ्या युनिटला विकायची मुभा, नाहीतर मंदीत सगळे एकदम कोर्टात जातात. आणि किमान ६० टक्के क्षमता आरक्षित झाल्याशिवाय आर्थिक पूर्तता (कर्ज आणि भांडवल पक्कं झाल्याचा टप्पा) जाहीर करायची नाही. तेवढी सही मिळत नसेल तर केंद्राचा आकारच चुकलाय.

तिरुप्पूरचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. होजिअरी उद्योग आणि शहर या दोघांसाठीचा दररोज १८५ दशलक्ष लिटरचा पाणी प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला. राज्य सरकार, निर्यातदारांची संघटना आणि वित्तसंस्था एकत्र, कागदावर झकास. मग जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाणी शून्यावर न आणणारी डाइंग युनिटं बंद करायला सांगितली आणि औद्योगिक पाण्याचा उठावच बसला. पाण्याच्या दराशी याचा काही संबंध नव्हता. म्हणून बंदी आल्यावर स्थिर आकाराचं काय, हे आधीच लिहा: युनिटच्या चुकीने बंदी आली तर आकार चालू, केंद्राच्या चुकीने आली तर माफ आणि चालकाला दंड, कायदाच बदलला तर ठरावीक काळ यंत्रणा भार उचलेल.

---

गाळटाकी

वरच्या हिशेबाला +१, पण मसुद्यात त्याहून मोठी खोट आहे. डाइंग आणि प्लेटिंगचं पाणी एकाच वाहिनीत घेणार आहात का? तसं असेल तर बाकीची कलमं लिहूच नका.

प्लेटिंगच्या पाण्यात सहा संयुजेचं क्रोमियम, निकेल, सायनाइड असतं. क्रोमियमला आधी सामू (पीएच) २ ते ३ वर क्षपण करून तीन संयुजेवर आणावं लागतं, मग सामू ८-९ ला नेऊन साका पाडायचा. सायनाइड मात्र सामू १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने मोडायचं. म्हणजे एकाला आम्ल हवं, दुसऱ्याला अल्कली. आम्लाचं पाणी सायनाइडच्या पाण्यात मिसळलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, माणसं दगावतात. धातू पुढे जैविक टाकीत गेले तर जिवाणू मरतात आणि सगळा गाळ घातक कचरा ठरतो. त्याच्या विल्हेवाटीचा खर्च दरात कुणी धरलेला नसतो. तीन वेगळ्या वाहिन्या किंवा टँकर, प्लेटिंगची प्राथमिक प्रक्रिया वेगळी, मग एकत्र. हे परिशिष्टात आकृतीसकट जोडा.

दुसरं, ९० टक्के वापर हा आकडाच फसवा आहे. केंद्र प्रमाणाने नाही, भाराने कोलमडतं. रात्री एकाने घट्ट रंगाचं कुंड रिकामं केलं की सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं माप, रासायनिक ऑक्सिजन मागणी) दुपटीने वाढतो, जैविक टाकी बसते, ती पुन्हा जमायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर बाहेर जाणारं पाणी मर्यादेबाहेर आणि नोटीस चालकाला. म्हणून:

चल आकार लिटर आणि सीओडी भार या दोन्हींवर लावा. प्रत्येक जोडणीवर विद्युतचुंबकीय प्रवाहमापक आणि २४ तासांचा मिश्र नमुना घेणारा स्वयंचलित नमुनायंत्र ठेवा. सगळ्यांना परवडत नसेल तर मोठ्या युनिटांना सक्तीचं, बाकीच्यांना फिरतं. समतोल टाकी, म्हणजे येणारं पाणी साठवून एकसारखं करणारी टाकी, किमान १८ ते २४ तासांच्या प्रवाहाची हवी. यात काटछाट केली की सगळं अंगावर येतं, आणि निविदेत पहिली काटछाट इथेच होते.

कमी भारही तितकाच वाईट. पाणी फारच कमी आलं तर जिवाणू उपाशी राहतात, गाळ नीट बसत नाही. एकच मोठं केंद्र बांधण्यापेक्षा तीन समान भाग करा. पहिला आता, दुसरा पहिल्याचं आरक्षण ८० टक्क्यांवर गेल्यावर. जमीन आणि मुख्य वाहिनी मात्र तिन्हींपुरती आत्ताच धरा. नंतर रस्ता खोदणं जास्त महाग पडतं.

---

निविदा_ते_न्यायालय

मुद्दा २. कमीत कमी मुदतीवर निविदा अजिबात नको. मेक्सिकोने १९८९ पासून टोलरस्त्यांची कंत्राटं तशी दिली. मुदत कमी म्हणून टोल अवाच्या सवा, म्हणून गाड्या जुन्या रस्त्यावर, म्हणून कर्जं थकली. १९९७ मध्ये सरकारला २३ रस्ते परत ताब्यात घ्यावे लागले.

कमीत कमी दरावर लावली की बोलीदार आधी खोटा दर भरून काम पदरात पाडून घेतात आणि मग फेरबोलणीला बसतात. जागतिक बँकेसाठी लॅटिन अमेरिकेतल्या १९८५ ते २००० दरम्यानच्या हजाराहून अधिक कंत्राटांचा अभ्यास झाला होता. पाणी-सांडपाण्याच्या कंत्राटांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश फेरवाटाघाटीत गेली. सर्व क्षेत्रं धरून सरासरी वेळ होती कंत्राट दिल्यानंतर सुमारे २.२ वर्षं, म्हणजे शाई वाळायच्या आतच.

चिलीने १९९८ मध्ये सांतियागो-वालपाराइसो रस्त्यासाठी वेगळी युक्ती केली. बोली लागते ती एकूण उत्पन्नाच्या वर्तमान मूल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षांचं उत्पन्न व्याजदराने आजच्या किमतीत आणून; सर्वात कमी मागेल त्याला काम. ते मूल्य वसूल झालं की कंत्राट संपलं. गाड्या कमी आल्या तर मुदत आपोआप वाढते, जास्त आल्या तर घटते. हमी मागायचं कारणच उरत नाही. सरकारला कंत्राट लवकर सोडवायचं असेल तर देणं किती तेही स्वच्छ: बोलीची रक्कम वजा आजवरची वसुली, वजा उरलेल्या काळाचा वाचलेला देखभालखर्च.

सांडपाणी केंद्राला हे बसतं, कारण पट्ट्यात युनिटं किती येतील हे चालकाच्या हातात नसतं. दर यंत्रणेने ठरवायचा, निर्देशांकाला जोडायचा, वर्तमान मूल्याचा व्याजदर करारातच लिहायचा. धोका एकच: उत्पन्न कधी ना कधी मिळणारच म्हणून चालक सुस्तावतो. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पाण्याचे निकष मोडले तर दंड म्हणून कापलेली रक्कमही वसूल झाली असं धरून मोजायची, असं लिहा. नाहीतर दंडाची भरपाई तो लांबलेल्या मुदतीतून करून घेतो. हे कलम बहुतेक मसुद्यांत उलटं असतं.

---

आराखडा_तपासनीस

गाळटाकी, मसुद्यात खरंच एकच वाहिनी आहे. परत पाठवतो. प्रयोगशाळेलाही वर्तमान मूल्याची बोली चालेल का?

---

मोजपट्टी

नाही. प्रयोगशाळा त्या करारातून बाहेर काढा, हे माझं ठाम मत. सांडपाण्याचं गिऱ्हाईक बांधलेलं असतं, प्रयोगशाळेचं दारोदार जाऊन आणावं लागतं. मागणी मिळवणं हेच चालकाचं काम असेल तर त्या जोखमीतून त्याला सोडवणं म्हणजे झोपायला सांगणं.

इथे जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थांची रीत बघण्यासारखी आहे. सुमारे ३० टक्के पैसा सरकारी मूळ अनुदानाचा, बाकी संस्थेने उद्योगांच्या आणि सार्वजनिक प्रकल्पांतून कमवायचा. १९७० च्या दशकात त्यांनी मूळ अनुदान कमाईला जोडलं, म्हणजे उद्योगाकडून जास्त कामं आणली की अनुदानही वाढतं. तुमच्या प्रयोगशाळेला तेच छोट्या प्रमाणात लावा: पहिली तीन वर्षं ठरलेलं चालू अनुदान, चौथ्यापासून त्यातला निम्मा भाग लहान युनिटांकडून आलेल्या शुल्काच्या प्रमाणात. "लहान" हा शब्द सोडू नका, नाहीतर दोन बड्या गिऱ्हाइकांवर आकडा भागवला जातो.

यंत्रांवर सगळा पैसा घालू नका. अंशांकन (यंत्रांचं कॅलिब्रेशन), मानांकनाचं लेखापरीक्षण, संदर्भ नमुने आणि दोन चांगले तंत्रज्ञ यांचा पाच वर्षांचा खर्च आधी बाजूला काढा. आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मानांकन नसलेला चाचणी अहवाल निर्यातदार सहसा घेत नाही. महागडं सूक्ष्मदर्शक आच्छादनाखाली झाकून ठेवलेलं आणि साध्या तन्यता चाचणीला मात्र तीन आठवड्यांची रांग, असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं.

---

खातेवही

मुद्दा ३ राहिला. अनुदान आधी आणि बांधकामाच्या बिलांवर सोडलं, तर चालक आपल्याच भगिनी कंपनीला बांधकाम देतो, नफा तिथेच काढतो आणि चालवायच्या वेळी कंपनीत पोकळ डबा उरतो. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या देखभाल-नूतनीकरणाची खासगी कंपनी मेट्रोनेट याच वाटेने गेली. पाच भागधारक, आणि मोठी कामं त्याच पाचांकडे. शिवाय ९५ टक्के कर्जाला सार्वजनिक हमी, त्यामुळे कर्ज देणाऱ्यांनाही डोळे वटारायचं कारण नव्हतं. २००७ मध्ये कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली.

म्हणून: चालकाचं भागभांडवल आधी पूर्ण खर्च, मग कर्ज आणि अनुदान ठरल्या प्रमाणात. अनुदानाचा शेवटचा २० टक्के भाग सलग सहा महिने निकष पाळून चालवल्यावरच. संबंधित कंपनीला काम द्यायचं असेल तर खुल्या निविदेने आणि स्वतंत्र अभियंत्याच्या दरतपासणीने. सगळी वसुली एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरल्या क्रमानेच पैसे सोडणाऱ्या त्रयस्थ खात्यात. क्रम असा: कर, चालवण्याचा खर्च, कर्जाचा हप्ता, मोठ्या दुरुस्तीची राखीव ठेव, मग लाभांश. राखीव ठेव लाभांशाच्या आधी, हे सोडू नका.

---

अट_क्रमांक_सात

चौथ्यावर थोडक्यात. "अमुक इतके रोजगार निर्माण करील" असं लिहिलं की वाद ठरलेला. पूर्णवेळ की कंत्राटी, कुठल्या तारखेला मोजायचे, किती वर्षं टिकवायचे? नोकियाने २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून काम रुमानियात हलवलं, तेव्हा तिथल्या जर्मन राज्याने रोजगाराचा आकडा पाळला नाही म्हणून अनुदान परत मागितलं. शेवटी तडजोडीने कंपनीने प्रादेशिक निधीत पैसे घातले. रुमानियातला कारखाना बंद करायचंही २०११ मध्येच जाहीर झालं.

युरोपीय संघाच्या प्रादेशिक निधीत गुंतवणूक पाच वर्षं टिकवायची अट आहे, लहान-मध्यम उद्योगांना ती तीनवर आणता येते. तोच धागा घ्या. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवरून पूर्णवेळ पदांची वार्षिक सरासरी मोजा. तूट पडली तर त्या वर्षाच्या सवलतीचा तेवढाच हिस्सा व्याजासह परत. सगळं किंवा काहीच नाही असं ठेवलं तर परतफेड मागायची हिंमत कुणी करत नाही. शक्य तिथे रोख देऊच नका, प्रत्यक्ष भरती झाल्यावर कर परतावा द्या. आणि कारखान्याचं सांडपाणी याच केंद्रात येणार असेल तर त्याच्या आरक्षणाला एकूण क्षमतेच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा घाला. तो उठून गेला तरी उरलेल्यांच्या स्थिर आकारावर केंद्र तगलं पाहिजे.

---

गाळटाकी

एक राहिलं: मालमत्ता परत करताना. शेवटच्या तीन वर्षांत चालक गाळणीचे पडदे (मेम्ब्रेन), ब्लोअर, पंप काहीच बदलत नाही. मुदत संपायच्या ३६ महिने आधी संयुक्त पाहणी, दुरुस्तीची यादी, आणि त्या खर्चाइतकी रक्कम एस्क्रोमधून अडवून ठेवायची. वर्तमान मूल्याची बोली असेल तर शेवटची तारीख आधी माहीत नसते, तेव्हा ही पाहणी "८५ टक्के वसुली झाल्यावर" अशी लिहा.