आरोंदिरचं दुःख थोड्या दिवसांचं नाही

टॉल्किनच्या कथाविश्वावरच्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेत आरोंदिर हा एल्फ, म्हणजे अमर वंशातला, आणि त्याची वारलेली प्रेयसी ब्रॉनविन माणूस. इथे कुणीतरी मुद्दा मांडलाय की आरोंदिरपुढे हजारो वर्षं पडली आहेत, तो ब्रॉनविनला कधीतरी विसरेलच. मला हे अजिबात पटत नाही. टॉल्किनच्या जगात एल्फ मेला तरी जगाबाहेर जात नाही. त्याचा आत्मा मांडोसच्या, म्हणजे मृतांच्या दालनांत जातो, तिथून पुन्हा देहही मिळू शकतो. माणूस मात्र जग सोडूनच जातो, आणि कुठे ते एल्फांनाही ठाऊक नाही. म्हणजे आरोंदिर उद्या मेला तरी त्याला ती भेटायची नाही! आम्ही पंचवटीतले. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली माणसं कायम दिसतात, आणि 'वर भेट होईल' या आधारावर ती कशी तग धरतात हे मी जवळून पाहिलंय. आरोंदिरकडे तोही आधार नाही. हे लक्षात ठेवून दुसऱ्या पर्वातला (२०२४) तिच्या चितेचा प्रसंग पुन्हा बघा. तिचा मृत्यू दोन पर्वांच्या मधे, पडद्याआड उरकला हे मात्र मला अजून खुपतं.

टॉल्किनच्याच कथेत लूथिएन या एल्फ राजकन्येने बेरेन या माणसासाठी अमरत्व सोडलं ते याच ताटातुटीमुळे. ऑक्सफर्डला टॉल्किन दांपत्याच्या थडग्यावर एडिथच्या नावाखाली 'लूथिएन' आणि त्यांच्या नावाखाली 'बेरेन' कोरलंय, इतकी ती कथा त्यांना जवळची होती. आपल्याकडे उर्वशी-पुरूरव्याच्या सूक्तात (ऋग्वेद १०.९५) उलट आहे: उर्वशी त्याच्या विनवण्यांना बधत नाही, पण शेवटी त्याला स्वर्गाचं आश्वासन मिळतं. तसं काही आरोंदिरला कोण देणार?