छोट्या लॅबला आयएसओ १७०२५चे (तपासणी लॅबच्या दर्जाचे) नियम खरंच झेपतात का?

रबाळेकर
रबाळे एमआयडीसीत आमची सात जणांची लॅब आहे, पाणी आणि मसाले तपासतो. परवाच ऑडिट झालं, दोन दिवसांत अकरा एनसी, म्हणजे नियम न पाळल्याच्या नोंदी. त्यातली एक ऐका. बॅलन्सच्या लॉगबुकमध्ये केमिस्टने आकडा गिरवून दुरुस्त केला. एक आडवी रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, बाजूला सही-तारीख हवी होती. मान्य. पण वजन बरोबरच होतं ना! आता याचं रूट कॉज शोधून चार पानं लिहा. आमचा क्वालिटी मॅनेजरच सॅम्पल कलेक्शनला जातो, तो लिहिणार कधी? मोठ्या लॅबला आणि आम्हाला एकच फूटपट्टी का?

मसाला_कंटेनर
कारण युरोपची फूटपट्टी एकच आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीतून माल उचलतो मी. मसाल्यात इथिलीन ऑक्साइडची (जंतू मारायला वापरतात तो वायू) तिथली मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. तुमच्याकडे पास झालेला माल तिकडे फेल झाला तर कंटेनर माझा परत येतो, तुमचा नाही. लॅब सात जणांची की सातशे, मला काय करायचंय?

घोडबंदर_सोसायटी
आमचा अनुभव. टँकरच्या पाण्याचा रिपोर्ट आला, वर झोकात एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) लोगो. कमिटी खूश. एका निवृत्त काकांनी भिंग लावून तळटीप वाचली: जिवाणू तपासणी स्कोपमध्ये, म्हणजे मान्यतेच्या यादीत, नाही! लोगो टीडीएस, पीएच वगैरेंपुरता. आम्हाला तर १०० मिलीत ई. कोलाय नाही ना, एवढंच हवं होतं. नियम कडक आहेत म्हणून ती तळटीप तरी छापली गेली.

बेंचवरचा
दहा वर्षं बेंचवर काढलीत, म्हणून रबाळेकरांच्या बाजूने अर्धं बोलतो. एका लॅबमध्ये इन्क्युबेटरचं तापमानाचं रजिस्टर पाहिलं होतं. महिनाभर रोज ३७.०, एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा ३७.०! ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी चहा पीत भरलेलं. नियम वाढवले की असली रजिस्टरं वाढतात, तपासणी नाही सुधारत.

फार्मा_क्यूसी
म्हणून नियमच नकोत? २०२२ला गांबियातली मुलं दगावली, कफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्यानंतर १ जून २०२३पासून निर्यातीच्या प्रत्येक कफ सिरपला सरकारमान्य लॅबचा दाखला सक्तीचा झाला. हे आधी व्हायला हवं होतं. खोटं रजिस्टर भरणाऱ्याला घरी बसवा, रजिस्टर कशाला फाडता?

बेंचवरचा
फाडा कोण म्हणालं? पीटीचं, म्हणजे लॅबच्या परीक्षेचं बघा ना. बाहेरून पीटीचा नमुना आला की सगळ्यात सिनियर माणूस बसतो, तीनदा काढतो, सरासरी घेतो. ग्राहकाचा नमुना मात्र ट्रेनीकडे, एकदाच. मग झेड स्कोअर (आपलं उत्तर खऱ्यापासून किती दूर, तो आकडा) नेमका कोणाचा मोजला?

रबाळेकर
हे मात्र लागलं. आमच्याकडेही असंच चालतं, खोटं कशाला बोलू. पण खर्चाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. कॅलिब्रेशन, पीटी, ऑडिटची फी, सगळं धरून पाण्याच्या रिपोर्टचा दर वाढवला की हीच सोसायटी शेजारच्या बिनमान्यतेच्या लॅबमध्ये जाते.

घोडबंदर_सोसायटी
जाते. एजीएममध्ये दोनशे रुपयांवरून तासभर भांडण होतं आमच्याकडे.

रबाळेकर
घ्या! असो. या वेळचा पीटी नमुना ट्रेनीला देतोय, न सांगता.

बेंचवरचा
स्कोअर ३च्या वर गेला, म्हणजे नापास झालात, तर बारावी एनसी आत्ताच लिहून ठेवा. आणि चुकलात तर आडवी रेघ, सही, तारीख.