मदत हवी आहे: फील्ड मार्शल स्लिम यांची सेवानोंद कुठे मिळेल?
विल्यम स्लिम यांच्यावर मराठीत लेख लिहितेय. आधी ब्रिटिश रेजिमेंट, मग भारतीय सैन्यात गुरखा रायफल्स, दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून ब्रह्मदेश आघाडीवरच्या चौदाव्या आर्मीचे प्रमुख, मग इंफाळ-कोहिमाच्या लढाया. १९४८ मध्ये निवृत्त होऊन ब्रिटिश रेल्वेच्या कारभारात गेले आणि त्याच वर्षी परत बोलावून थेट ब्रिटिश लष्करप्रमुख! हेच वळण मला नीट मांडायचंय.

लंडन गॅझेटमधून (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) बढत्यांच्या तारखा काढल्यात, पण परत बोलावण्यामागचा पत्रव्यवहार त्यात नाही. छापील चरित्रं वाचून झालीत, आता मूळ कागद हवेत. लंडनला जाणं जमणार नाही, स्कॅनचे पैसे भरेन.

भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत असतात. मग १९४८ नंतरचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार) शोधायचे की ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडे अर्ज करायचा?