भुलीआधी झोपेचं औषध कशासाठी?

देवळालीची_लेक
आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, दुर्बिणीतून. वय ६८. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू, शिवाय रात्री अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेतल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. भूलतज्ज्ञ म्हणाले, "आधी डेक्समेड हे झोपेचं औषध सुरू करू, म्हणजे भूल कमी लागेल." तिथे मान डोलावली, पण गंगापूर रोडवरून घरी येताना रिक्षात डोक्यात तेच. एकाच्या जागी दोन औषधं, मग कमी काय झालं? आणि भूल कमी पडून आई मध्येच जागी झाली तर?

भूलवाला
ताई, सिव्हिलमध्ये आणि नंतर खासगीत भूल देण्यातच माझे केस पांढरे झाले, म्हणून लिहितो.
झोप, वेदना थांबवणं, स्नायू ढिले करणं, सगळं एकट्या सेव्होफ्लुरेन वायूकडून करून घ्यायचं तर तो भरपूर सोडावा लागतो आणि बीपी कोसळतं. डेक्समेड म्हणजे डेक्समेडेटोमिडिन. ते मेंदूतल्या नॉरॲड्रेनालिनला, म्हणजे माणसाला जागं ठेवणाऱ्या रसायनाला, आवर घालतं. त्यामुळे वायू, प्रोपोफोल (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध), फेंटानिल (वेदना थांबवणारं), तिन्ही कमी पुरतात. तुमच्या आईच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, तेव्हा बीपी उसळतं. तिथे हे औषध खरं कामाला येतं. श्वासही फारसा दबत नाही.
पण नाडी मंदावते, आणि मेटोप्रोलॉलने ती आधीच संथ असणार. म्हणून पहिला डोस साधारण १० मिनिटं घेऊन सोडतात. वयस्करांत तो कमी करतात, कधी गाळतातही. मेटोप्रोलॉल मनाने बंद करू नका, ऑपरेशनच्या सकाळचं त्यांनाच विचारा. अल्प्राझोलामचंही सांगाच, रोजच्या सवयीने डोसचं गणित बदलतं.
जागं होण्याचं म्हणाल, तर वायू अंदाजपंचे कमी करत नाहीत. बाहेर टाकलेल्या श्वासात तो किती आहे हे मॉनिटरवर दिसत असतं. शिवाय चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी त्याची गरज साधारण ६ टक्क्यांनी घटते.

पंचवटीकर
सासऱ्यांना हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी मिडाझोलाम हे झोपेचं औषध दिलं होतं. रात्री वॉर्डात उठून बसले, "मला रामकुंडावर सोडा" म्हणून नर्सशी भांडण. सकाळी काही आठवत नाही!

भूलवाला
न आठवणं हा तर मिडाझोलामचा गुणच, त्यासाठीही देतात. पण म्हाताऱ्या माणसांत असा गोंधळ उडू शकतो. मी सत्तरीपुढे शक्यतो टाळायचो. घाबरलेल्या पेशंटशी दोन मिनिटं बोललं तरी बरंच भागतं, पण ओटीची यादी लांब असली की तेवढं कोण बोलतंय!

देवळालीची_लेक
आत्ता कागद पाहिले. अल्प्राझोलाम लिहिलेलंच नाही. आईला विचारलं तर म्हणे, "ते काय औषध आहे होय? अर्धी तर असते!" उद्या फोन करून सांगते.

भूलवाला
फोन नको. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, आईलाही सोबत न्या. आणि कधीपासून घेते ते तिलाच सांगू दे.